पाइनसिल व्ही२, आठ महिन्यांनंतर: वॅट नाही, व्होल्ट बघा

पाइनसिल व्ही२ हा छोटा सोल्डरिंग आयर्न खोक्यावरचा वॅटचा आकडा बघून घेऊ नका. त्याला व्होल्टेज किती मिळतंय, यावर सगळा खेळ आहे. लांब बिटचा (पुढच्या तापणाऱ्या कांडीचा) रेझिस्टन्स साधारण ८ ओहम. व्होल्टेजचा वर्ग करा, ८ ने भागा, निघाले वॅट. पूर्ण भरलेली ३एस लिपो (आरसी मॉडेलांत वापरतात ती तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) म्हणजे १२.६ व्होल्ट, जेमतेम २० वॅट. भरलेल्या ४एसवर, म्हणजे चार सेलवर, ३५. पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जरच्या २० व्होल्टवर ५०, २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर ७२. फोनचा २० वॅटचा पीडी चार्जर सहसा ९ व्होल्टच देतो, म्हणजे आयर्नला १० वॅट. त्यावर सर्वोची (मॉडेलमधल्या छोट्या मोटरची) बारीक वायरही रडतखडत लागते. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ छापलंय का ते बघा, नुसत्या ‘फास्ट’ला अर्थ नाही. आणि ६एस थेट जोडू नका: भरलेली असताना ती २५.२ व्होल्ट असते, आयर्नच्या डीसी जॅकची मर्यादा २४.

मैदानावर लिपोवर चालवणार असाल तर मेनूत पॉवर सोर्स ३एस किंवा ४एस करून ठेवा. मग सेलमागे ३.३ व्होल्टला आयर्न थांबतो. ‘डीसी’वर राहिला तर थेट १० व्होल्टला थांबतो, ४एससाठी ते सेलमागे २.५ झालं, म्हणजे पॅक गेलाच.

टोकदार बिट रिसीव्हरपुरतं (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागापुरतं) ठीक. एक्सटी६० या बॅटरीच्या कनेक्टरच्या कपात (वायर बसवायच्या खळग्यात) १२ गेजची जाड वायर बसवताना मात्र ते हमखास दगा देतं. सेन्सर बिटच्या आत हीटरपाशी असतो, त्यामुळे स्क्रीनवर ३८० दिसत राहतात आणि कपाला टेकलेलं टोक तोवर थंड पडलेलं असतं. सोल्डरचा राखाडी, खडबडीत गोळा होतो आणि वायर ओढली की सुटून हातात येते. अशा वेळी तापमान ४५० वर नेलं की फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) जळतो, कनेक्टरचं नायलॉन मऊ पडतं, पिन तिरकी होते. उपाय तापमानात नाही, बिटमध्ये आहे: २.४ मिमीचं पसरट डी२४ घ्या. २० व्होल्ट आणि ३८० अंशांवर एक कप तीन-चार सेकंदांत भरतो.

कनेक्टर लावताना त्यात जोडीचा एक रिकामा, जुना कनेक्टर खोचून ठेवा. पिना सरळ राहतात. श्रिंक ट्यूब (उष्णतेने आक्रसणारी नळी) आधीच वायरवर चढवा आणि चांगली लांब सरकवा, नाहीतर तिथेच आक्रसते. वायर कपाच्या खोलीइतकीच सोलून टिन करा (तिच्यावर सोल्डरचा थर चढवा), कप निम्मा भरा, बिट कपाच्या बाहेरून टेकवा, सोल्डर पाण्यासारखं झालं की वायर आत सोडा आणि हलवू नका. सोल्डर ६३/३७ (कथील-शिसं), १ मिमी, आत राळेचा फ्लक्स असलेलं. १८३ अंशांना वितळतं. नळकामाची ॲसिड पेस्ट नको, तांब्याच्या तारा आतून हिरव्या पडतात. लिपोचा कनेक्टर बदलताना एका वेळी एकच वायर कापा. दोन्ही एकदम कापल्या तर कटरच शॉर्ट करतो.

एक्सटी९० (मोठा कनेक्टर) आणि १० गेज (आकडा लहान, तशी वायर जाड) २० व्होल्टवर होतं, पण धीर धरावा लागतो. ८ गेज किंवा मोठ्या ईएससीचा (मोटरच्या स्पीड कंट्रोलरचा) ग्राउंड पॅड असेल तर २४ व्होल्ट तरी द्या, नाहीतर सरळ ८० वॅटचा मेन्सवरचा आयर्न काढा.

साधी यूएसबी केबल ताठ असते, मनगट ओढून धरते आणि बिट लागलं की वितळते, सिलिकॉनचीच घ्या. बिटला कानस लावू नका, वरचा लोखंडी थर गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. हीटर बिटमध्येच असल्यामुळे मग पूर्ण कांडी बदलावी लागते. बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा थेंब ठेवा, पुसू नका.