हॅमॉकमध्ये पाठ गारठते: फोम मॅट घ्यावी की खालून बांधायची रजई?

जानेवारीतली रात्र, भंडारदऱ्याच्या बाजूची झाडी, दोन झाडांमध्ये बांधलेला हॅमॉक (झोपायची कापडी झोळी), पहाटेचं तापमान 7 अंश. माझी स्लीपिंग बॅग 5 अंशांपर्यंत चालेल अशी होती, तरी तीनला जाग आली ती हुडहुडी भरूनच. छाती-पोट उबदार आणि खांदे-कंबर गारठलेली. बॅग चांगली होती, चूक माझ्या समजुतीत होती.

बॅगेत पिसं असोत की पॉलिस्टरचा कापूस, ऊब धरते ती त्यात अडकलेली हवा. अंगाखाली भरण दबलं की ती हवा निघून जाते. तंबूत खाली मॅट असते, हॅमॉकच्या पातळ कापडाखालून रात्रभर वारा फिरतो. म्हणून पैसे आणि वजन आधी खालच्या बाजूला घालायचे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोमची मॅट. थर्मारेस्टची घडीची झेड लाइट सोल घेतली, तर वजन 410 ग्रॅम आणि आर-व्हॅल्यू 2. (हा आकडा जितका मोठा तितकी थंडी कमी शिरते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते.) साधी निळी-काळी कॅरीमॅटसुद्धा कामाला येते. अडचण रुंदीची आहे. मॅट साधारण 51 सेंटिमीटर आणि हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी खांद्यांना लपेटतं, म्हणजे खांदे उघडेच राहतात. त्यात सपाट झोपण्यासाठी आपण थोडं तिरकं पडतो, की मॅट सरकते. खांद्यांच्या जागी फोमचे दोन आडवे तुकडे लावले तर बराच फरक पडतो. दोन पदरी हॅमॉक असेल तर मॅट पदरांच्या मध्ये सरकवा, मग ती हलत नाही.

हवा भरायची मॅट हलकी आणि जास्त उबदार, पण पूर्ण फुगवली की हॅमॉकमध्ये होडीसारखी डुलते. थोडी हवा सोडून बघा. करवंदाच्या जाळीत मात्र ती मी नेणार नाही.

आता अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली लटकवायची रजई. अंगाचा भार तिच्यावर येत नाही, त्यामुळे भरण फुललेलं राहतं आणि ऊब खांद्यांपर्यंत वर चढते. एकदा हिच्यात झोपलं की मॅटवर परत जावंसं वाटत नाही, हे मनापासून सांगतो. पण बांधणी जमायला हवी. रजई आणि कापड यांत फट राहिली तर गार हवा आत खेळते, फार ताणली तर भरण दबतं. आत झोपून, सोबत्याला खालून हात फिरवायला सांगा. रजई सगळीकडे पाठीला हलकेच टेकलेली हवी. दोन्ही टोकांची दोरी आवळलेली हवी, नाहीतर डोक्याकडून वारा शिरतो.

पिसांची की सिंथेटिक? पिसांची हलकी असते आणि दाबून लहान होते. माझ्या हिशेबाने सह्याद्रीतल्या थंडीपुरत्या पूर्ण लांबीच्या दोन रजयांत फरक दीडशे-दोनशे ग्रॅमचा पडतो. एवढ्यासाठी मी पिसं घेणार नाही. धरणाकाठी पहाटे दहिवर इतकं पडतं की ताडपत्री आतूनही ओली होते, आणि भिजलेली पिसं गोळा होऊन बसतात. पॉलिस्टर ओलं झालं तरी बरीचशी ऊब धरतं, आणि धुवायलाही सोपं. लडाख-स्पितीसारख्या कोरड्या थंडीत पिसंच सरस, पण तिथे हॅमॉक बांधायला झाडं शोधावी लागतात.

गोधडी बांधून बघू का, असं बरेच जण विचारतात. एखाद्या रात्री, गाडी जवळ असताना, जरूर बांधा. पाठीवर वाहायला मात्र ती जड, आणि सुती असल्याने दव पिते.

वर्षाला दोन-तीन रात्रींसाठी मी मॅटच सुचवेन. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी माथ्यावर झाड मिळालं नाही, तर तीच मॅट घेऊन गुहेत आडवं होता येतं. रजईचा तिथे उपयोग नाही. दर हिवाळ्यात दहा-बारा रात्री झाडांतच काढणार असाल, तर सिंथेटिक अंडरक्विल्ट घ्या. पाऊण लांबीची घेतलीत तर पायांखाली फोमचा तुकडा लागेल, तो विसरू नका.

आणि नवी स्लीपिंग बॅग घेऊ नका. जुनीचीच चेन उघडा, पाय तेवढे आत घाला आणि बाकीची पांघरुणासारखी अंगावर ओढा.