सात महिने, 449 रुपयांचा काटा आणि तेलाची बुधली

संक्रांतीच्या आठवड्यात स्वयंपाकघरासाठी घेतलेला डिजिटल वजनकाटा ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बंद पडला. त्यापायी सर्व्हिस सेंटरमध्ये जे काही ऐकून घ्यावं लागलं, त्यामुळे हे लिहायला बसले आहे. पाच किलोपर्यंत मोजणारा, ग्रॅमचा फरक दाखवणारा तो नेहमीचा पांढरा काटा. 449 रुपयांना पडला.

घेतला तो माझ्या रिपोर्टमुळे. उपाशीपोटी साखर 112, उंची 158 सेंटिमीटर, वजन 74 किलो, कंबर 94. बायकांची कंबर 80 च्या आत हवी, असं डॉक्टर म्हणाले. गोळीच्या आधी खाणं बदला, आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा घाई करू नका.

पहिला महिना मी सगळं मोजलं. कणीक, तांदूळ, डाळ, संत्र्याच्या फोडीसुद्धा. त्याची गरज नव्हती, हे आता कळतंय. पोळी केवढी, वाटीभर भात किती, हे आठ-दहा दिवसांत नजरेला समजतं. नजरेला समजत नाही ते तेल. पोह्यांच्या फोडणीला नेहमीसारखी बुधली वाकडी केली आणि काट्यावर पाहिलं, 46 ग्रॅम! पीठ असो की डाळीतलं प्रोटीन, ग्रॅममागे 4 कॅलरी. तेलाच्या ग्रॅममागे 9. म्हणजे कढईत कांदा पडायच्या आधीच 400 च्या वर गेलो.

आमच्याकडे महिन्याला फल्लीतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) 5 लिटरचा डबा लागायचा. माणसं चार. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम, बाहेरचं खाणं वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या सूचनांमध्ये 2000 कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम.

आता या काट्याचा मोठा दोष. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो. तेल मोजायची सोपी रीत म्हणजे बुधली काट्यावर ठेवायची, आकडा शून्य करायचा, तेल ओतून बुधली परत ठेवायची. जेवढं गेलं तेवढं उणे दिसतं. पण मोहरी तडतडेपर्यंत, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात) चिरेपर्यंत काटा झोपलेला! शून्य गेलं, हिशेब गेला. सेल वाचतात म्हणे. दोन महिने रोज चिडचिड केली.

शेवटी शून्य करणंच सोडलं. सकाळी बुधली ठेवायची, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. रात्री ओटा पुसला की परत. परवाचंच सांगते: सकाळी 812, रात्री 724. चौघांत 88, म्हणजे माणशी 22 ग्रॅम. दिवसातून दोनदा दहा-दहा सेकंद, बंद पडला तरी काही बिघडत नाही. माझं मत इथे बदललं. दोष आहेच, पण या कामाला तो आड येत नाही.

सगळ्यात अवघड गेला वडाभात, म्हणजे भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून तेलाची फोडणी. "वरून तेल नाही तर वडे घशाखाली उतरतील का?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताट पुढे सरकवून म्हणाल्या. मी हिंग, लसूण, लाल मिरचीची फोडणी दोन चमच्यांत केली, चौघांच्या भातावर अर्धा-अर्धा चमचा घातला आणि सोबत कढी वाढली. पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा कढी परत मागितली. नागपुरातल्या बर्डीवरचे (सीताबर्डीवरचे) तर्री पोहे सोडले नाहीत, महिन्यातून दोन रविवार जातोच. फक्त वरची लाल तर्री नको, खालचा रस्सा आणि चणे जास्त द्या, असं सांगते. घरात वरण घट्ट झालं, भात निम्मा झाला, सांबारवडी महिन्यातून एकदा.

काटा बिघडला तेव्हा चालू होताच बंद व्हायचा. वॉरंटी वर्षभराची. सर्व्हिस सेंटरमध्ये उघडूनही न पाहता सांगितलं, ओलावा गेलाय, वॉरंटीत बसत नाही, 350 रुपये लागतील. 449 च्या वस्तूला 350! मी कार्ड पुढे ठेवलं, ओलाव्याचं त्यात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर "वरून ऑर्डर आहे". 45 अंशांच्या उन्हात दोन चकरा झाल्या. मग बर्डीवरच्या घड्याळवाल्याने झाकण काढलं. डब्यासोबत आलेला सेलच गळलेला, स्प्रिंगवर हिरवा गंज. पॉलिश पेपरने घासलं, 40 रुपये घेतले. तेव्हापासून नीट चालतोय.

आज वजन 67.6, कंबर 87, उपाशीपोटी साखर 98. मला अजून उतरायचंय. तेलाचा डबा मात्र तीन लिटरवर आलाय. दर महिन्याला वाचणाऱ्या दोन लिटरात काट्याचे पैसे कधीच वसूल झाले.

घेणार असाल तर सोबतचे सेल पहिल्याच दिवशी काढून दुकानातले नवे टाका. आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच काटा चालू करून घड्याळ लावा, किती मिनिटांत बंद होतो ते बघा.