एलएम३५ आणि आर्डुइनोचा थर्मामीटर: आठ महिने अखंड चालवल्यावर

एलएम३५ हा तापमान मोजणारा सेन्सर; तो आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडणं अर्ध्या तासात होतं. आकड्यावर विश्वास बसायला मात्र काही आठवडे जातात, आणि त्या काळात उगाचच सगळे सेन्सरच्या नावाने बोटं मोडतात. आठ महिन्यांत सापडलेल्या चुकांपैकी बहुतेक सेन्सरच्या बाहेरच होत्या.

सामान नेहमीचंच: आर्डुइनो उनो, एलएम३५डीझेड (एलएम३५चाच एक प्रकार, पुढे नुसता डीझेड), १६ बाय २ चा एलसीडी, कॉन्ट्रास्टसाठी १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), एक २ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर. सेन्सरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून सप्लाय, आउटपुट, ग्राउंड. उलटा लावला तर काही सेकंदांत बोट ठेवता येणार नाही इतका तापतो. असा तापलेला सेन्सर पुढे चालला तरी मोजमापासाठी वापरू नका. दिसायला तो साध्या ट्रान्झिस्टरसारखाच असल्यामुळे डब्यात मिसळलेला असेल तर आधी मल्टिमीटरने तपासा. एका अंशाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे २७ अंशांच्या खोलीत आउटपुटला २७० मिलिव्होल्टच्या आसपास मिळायला हवेत.

आता मुख्य दुखणं: रेफरन्स व्होल्टेज, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मोजमाप होतं ते व्होल्टेज. काहीच बदललं नाही तर उनोचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) ५ व्होल्टच्या सप्लायशी तुलना करतो. १० बिटचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, जवळजवळ अर्धा अंश. स्क्रीनवर २९.३, मग एकदम २९.८, मधलं काहीच नाही. ते एकवेळ चालेल, पण यूएसबीचे ५ व्होल्ट खरोखर ५ असतात कुठे? एलएम३५चं आउटपुट सप्लायबरोबर बदलत नाही, रेफरन्स मात्र बदलतो. सप्लाय ४.७ वर आला आणि कोडमध्ये ५.० लिहिलेलं असेल तर ३० अंशांना स्क्रीनवर ३१.७ दिसतात. लॅपटॉपवर एक आकडा आणि मोबाइलच्या चार्जरवर दुसरा, याचं कारण हेच.

उपाय फुकटचा आहे. उनोच्या चिपच्या आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स कोडमध्ये निवडा. पायरी १.०७ मिलिव्होल्टवर येते, म्हणजे साधारण ०.१ अंश. मोजता येतं ते ११० अंशांपर्यंत, आणि डीझेडची मर्यादा १००च आहे. पण हा १.१ सुद्धा नावाचाच. प्रत्येक चिपमध्ये तो १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. स्केच (आर्डुइनोवरचा प्रोग्रॅम) चालू असताना एरेफ पिनवर, म्हणजे रेफरन्स व्होल्टेजच्या पिनवर, मल्टिमीटर लावा आणि जे दिसेल तेच कोडमध्ये लिहा. प्रत्यक्षात १.०८३ असताना १.१ लिहिलं तर ३० अंशांचे ३०.४ होतात. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग फेकून द्या, एरेफ आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरड लावा, आणि आतला रेफरन्स निवडलेला असताना एरेफला बाहेरून व्होल्टेज देऊ नका.

दुसरा चोर ग्राउंडमध्ये. सेन्सरचा ग्राउंड आणि एलसीडीच्या बॅकलाइटचा ग्राउंड ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीतून गेला, की बॅकलाइट लावल्यावर तापमान चढतं! २० मिलिअँपिअर प्रवाह आणि सैल पट्टीचा ०.१ ओहम एवढ्यानेच २ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.२ अंशांची भर पडते. सेन्सरची ग्राउंड वायर थेट उनोच्या वेगळ्या ग्राउंड पिनवर न्या. शिवाय ब्रेडबोर्डवरचे संपर्क महिन्याभरात ढिले होतात, तेव्हा कायमचं चालवायचं असेल तर सोल्डरच करा.

सेन्सर लांब न्यायचा असेल तर सावध. वायरच्या कपॅसिटन्समुळे एलएम३५चं आउटपुट आपोआप झपाट्याने वर-खाली होऊ लागतं, मग आकडा नाचतो किंवा दोन-चार अंश सरकून स्थिर बसतो. हे दुसरं जास्त फसवं. आउटपुटवर सरळ १०० नॅनोफॅरड लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने दुखणं वाढतं, कारण मध्ये काही नसेल तर हा सेन्सर ५० पिकोफॅरडच्या पुढचा भार पेलत नाही. २ किलोओहम सेन्सरच्या पायाजवळ मालिकेत घाला आणि कपॅसिटर एडीसीच्या टोकाला लावा. एडीसीला १० किलोओहमपर्यंतचा स्रोत चालतो, त्यामुळे २ किलोओहमने काही बिघडत नाही.

कोडमध्ये एकच रीडिंग कधी घेऊ नका. २ मिलिसेकंदांच्या अंतराने ५० घ्या आणि सरासरी काढा. त्या १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा आवर्तनं पूर्ण बसतात, त्यामुळे वीजवाहिनीची गुणगुण आपोआप कापली जाते. स्क्रीन सेकंदाला एकदाच बदला आणि आकड्यामागे दोन रिकाम्या जागा छापा, नाहीतर १०.२ वरून ९.८ वर येताना जुना २ मागे राहतो आणि ९.८२ दिसतं. अंशाच्या खुणेसाठी बहुतेक एलसीडींवर २२३ क्रमांकाचं अक्षर चालतं.

कॅलिब्रेशनला बर्फ वापरू नका. साध्या जोडणीत एलएम३५ २ अंशांच्या खाली भरवशाचा नाही, तेव्हा शून्यावर जुळवलेली दुरुस्ती वर चुकीची निघते. साधारण २० आणि ४५ अंशांचं पाणी घ्या, ढवळत राहा, शेजारी भरवशाचा थर्मामीटर ठेवा आणि दोन्हीकडचा फरक टिपा. डीझेडला २५ अंशांवर १.५ अंशांपर्यंतची चूक उत्पादकाने मान्य केलेली आहे, त्यामुळे अर्ध्या-पाऊण अंशाची दुरुस्ती कोडमध्ये घालण्यात कमीपणा नाही. पाण्यात घालण्यापूर्वी तिन्ही पायांवर वेगवेगळी हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. पायांमध्ये ओल राहिली की गळतीमुळे आकडा बिघडतो आणि वाळला की आपसूक सुधारतो. असला दोष शोधताना डोकं फिरतं.

हवेचं तापमान हवं असेल तर सेन्सर बोर्डापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. उनोचा रेग्युलेटर आणि बॅकलाइट मिळून बंद डब्यात सहज दोन-तीन अंश वाढवतात. सेन्सरची स्वतःची उष्णता ०.१ अंशाच्याही आत असते, तिची काळजी नको.

शून्याखाली जायचं असेल तर टीएमपी३६ हा दुसरा सेन्सर घ्या. त्याच्यात ५०० मिलिव्होल्ट आधीच मिळवलेले असतात, म्हणजे कोडमध्ये ते वजा करावे लागतात आणि १.१ व्होल्टच्या रेफरन्सवर मोजमाप साधारण ६० अंशांवरच संपतं.