मेढेकोटाचं मॉडेल किट: काड्यांना फुल मार्क, जमिनीचं काय?

तीन आठवडे लागले पण झालं एकदाचं, म्हणून रिव्ह्यू टाकतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीच जास्त आहेत. १:७२ स्केलचा मेढेकोट आहे, म्हणजे ओंडके शेजारी शेजारी उभे गाडून केलेला लाकडी कोट. बॉक्समध्ये २६० काड्या, एमडीएफचा बेस, दरवाजा, दोन बुरूज, १२ सैनिक आणि सहा प्लास्टिकची झाडं. झाडांकडे नंतर येतो.

आधी चांगलं सांगतो. लाकूड एक नंबर आहे. प्रत्येक काडीची जाडी किंचित वेगळी, टोकं कुऱ्हाडीने तासल्यासारखी, कुठेही कुसळ निघत नाही. साधारण ५ सेंटीमीटर उंच म्हणजे खऱ्या मापात साडेतीन मीटरच्या आसपास, अगदी पटण्यासारखं. नुसत्या उभ्या केल्या तरी भारी दिसतात.

पण उभ्या करायच्या कशात? बेसला २ मिलिमीटरची खाच दिलीय, त्यात ग्लू लावून काडी टेकवायची, बस. कोपर लागलं आणि एका फटक्यात अख्खी बाजू झोपली, ११ काड्या टेबलाखाली. अहो, मेढेकोटाची सगळी ताकद जमिनीखाली असते! आधी चर खणायचा, ओंडक्याचा चांगला मोठा हिस्सा त्यात उतरवायचा आणि माती ठोकून ठोकून बसवायची, नाहीतर चार माणसं दोर टाकून ओढून काढतील. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने ग्रीक आणि रोमन छावण्यांच्या कुंपणाच्या मेखांची तुलना केलीय ती याच मुद्द्यावर आहे: ग्रीक मेखेला चहूबाजूंनी जाड फांद्या ठेवलेल्या, दोघातिघांनी धरून खेचली की निघाली आणि पडलं भगदाड. रोमन लोक दोन-तीन, फार तर चार फांद्या ठेवायचे, त्याही एकाच बाजूला, आणि त्या अशा गुंतवायचे की कुठली फांदी कुठल्या मेखेची तेच कळू नये.

आणि लाकूड सडतं तेही तिथेच, माती आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात, वरून ओंडका ठणठणीत दिसतो आणि बुडाशी भुसा झालेला असतो. अमेरिकेतल्या काहोकिया या मूळनिवासींच्या जुन्या शहराचा कोट घ्या, साधारण ११७५ च्या सुमारास उभारायला सुरुवात झालेला, एका वेळच्या बांधणीला अंदाजे २०,००० ओंडके, आणि तो पुढे पुन्हा पुन्हा नव्याने बांधावा लागला. मी काय केलं, बेस फेकून दिला, थर्माकोलवर क्लेचा जाड थर दिला, त्यात चर पाडला, काड्यांची खालची टोकं मेणबत्तीवर जराशी काळी केली (टोकं जाळून गाडायची ही जुनी पद्धत) आणि एकेक रोवत गेलो. आता हलवून बघा.

दुसरी गंमत जंग्यांची. गोळीबाराची भोकं काड्यांमध्ये ४ सेंटीमीटरवर दिलीत आणि सैनिक आहे २.४ चा! याने काय एकमेकांच्या खांद्यावर बसून नेम धरायचा? आतून फांजी हवी, म्हणजे उभं राहायला फळ्यांचा ओटा, तो किटमध्येच नाही. आइसक्रीमच्या काड्यांचा केला. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने पाटलिपुत्राच्या लाकडी तटाला बाण मारायला भोकं असल्याचं लिहिलंय आणि एरियन हा ग्रीक इतिहासकार त्याच तटाचे ५७० बुरूज, ६४ दरवाजे सांगतो. तिथल्या धनुर्धरांना भोकापर्यंत हात पुरत असणार एवढं नक्की.

आता झाडं. गाइडमध्ये ती कोटाला अगदी खेटून लावायला सांगितलीत, दिसायला छान म्हणून. दिसतंही छान. पण १७५४ मध्ये २२ वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने (पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष, तेव्हा ब्रिटिशांच्या बाजूने फ्रेंचांशी लढत होता) अमेरिकेत फोर्ट नेसेसिटी बांधला तेव्हा हेच नडलं. जेमतेम १६ मीटर व्यासाचा गोल कोट, सखल गवताळ जागा, आणि जंगल बंदुकीच्या टप्प्यात. फ्रेंच आणि त्यांचे स्थानिक साथीदार झाडांआडून आरामात गोळ्या घालत राहिले, त्यात पाऊस, चर पाण्याने भरले, दारू भिजली, आणि ३ जुलैच्या रात्री शरणागती. त्यामुळे माझी सहाही झाडं मी कापली, बुंधे तेवढे ठेवले, कोटासमोरचं रान तोडलंय असं दाखवायला. पोरगी चिडली, तिला झाडं हवी होती.

खंदक मीच खणला, बाहेरून. खरं तर आतून खणायचा मोह झालेला. न्यूझीलंडच्या माओरींनी बंदुका आल्यावर आपल्या पा नावाच्या कोटांमध्ये तो प्रकार केला होता: बाहेरचं कुंपण जमिनीपासून थोडं वर ठेवायचं, त्यावर हराकेके या तिथल्या चिवट धाग्याच्या झुडपाच्या पात्यांचा जाड थर बांधायचा म्हणजे गोळी अडते आणि आतलं काही दिसत नाही, आणि लढणारे मागच्या चरात बसून कुंपणाखालच्या फटीतून मारा करणार. १ जुलै १८४५ ला ओहाएवाईला ब्रिटिशांनी असल्या कोटावर सरळ चाल केली आणि सपाटून मार खाल्ला. याचं किट कोणी काढलं तर मी लगेच घेईन.

तर घ्यावं का? मुलांना नुसतं जोडायला हवं असेल तर नको, चिडचिड होईल. क्लेमध्ये हात घालायची तयारी असेल तर काड्यांसाठी घ्या. फक्त आडव्या पट्ट्या गाइडप्रमाणे बाहेरून लावू नका, शत्रूला आयती शिडी होते, त्या आतून बांधायच्या असतात. दरवाजा माझा अजून बाकी आहे. त्याचाही अडसर त्यांनी बाहेरच्या बाजूला दिलाय.