बी.ए. करायचं, पण लवळ्याला की फर्ग्युसन रस्त्यावर?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, आणि माझी भाची एका छोट्या खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स शिकली. (नातेवाईक अजून विचारतात, "म्हणजे चित्रकला का?" नाही, वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकायचे.) त्यामुळे दोन्ही घरचं मीठ चाखलंय.

मुळशीत लवळ्याला असलेलं फ्लेम विद्यापीठ किंवा विमाननगरचं सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स घ्या. तिथे मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि जोडीला एक दुय्यम, पहिल्यापासून आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर ते आमच्याकडेही आलं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. कागदावर फरक फार उरलेला नाही. पण मायनरला शिकवायला माणूस लागतो. अनुदानित कॉलेजांत जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चाललेला. मग वेळापत्रकात बसेल तेच मायनर 'निवडायचं'.

खरा फरक मला भाचीच्या पहिल्या सत्रातल्या निबंधात दिसला. परत आला तेव्हा समासात चार ठिकाणी पेन्सिलीने एकच प्रश्न: 'हे तुला कुठून कळलं?' पोरगी रडली, मग पुन्हा लिहायला बसली. माझ्या वर्गात एकशेदहा मुलं. अंतर्गत परीक्षेचे पेपर मी कसे तपासते ते मलाच माहीत. अप्पा बळवंत चौकातून गाइड आणून तीन आठवड्यांत फर्स्ट क्लास मिळवणारे मी दरवर्षी बघते.

आता पैसा. अनुदानित कॉलेजची वर्षाची फी हजारांत, तिकडची वसतिगृहासकट लाखांत, आणि तीही तीन-चार वर्षं. माझं मत रोखठोक आहे: बी.ए.साठी कर्ज काढू नका. तेच पैसे एम.ए.ला चांगल्या ठिकाणी कामी येतात. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर ती दरवर्षी गुणांवर अवलंबून आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे बी.ए.चे बरेच पेपर मराठीत लिहिता येतात. तिकडे सगळं इंग्रजीत, मेसमधले विनोदसुद्धा. मराठी माध्यमाच्या मुलाचे पहिले सहा महिने जड जातात. एवढ्यासाठी जाऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही.

एमपीएससी-यूपीएससीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. नावाचं म्हणाल तर १८८५ सालचं फर्ग्युसन कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर मुलीला इतिहासच करायचाय, घरचं बजेट बेताचं आहे, आणि स्वतःहून ग्रंथालयात जाऊन बसायची सवय आहे, तर डोळे झाकून जुनं कॉलेज. काय करायचंय हेच तिला कळत नाहीये आणि पैशाची ओढाताण नाही, तर लवळे.

दोन्हीकडे एकदा साध्या वारी जाऊन या. 'ओपन डे'ला सगळेच नटलेले असतात. एखाद्या विद्यार्थिनीला तिचा तपासून आलेला निबंध दाखवायला सांगा. माझ्या वर्गातली मुलगी भेटली तर तिच्याकडे तो नसेल, एवढं आधीच सांगून ठेवते.