पहिला नमुना कशात करायचा: जुगाड, थ्रीडी प्रिंट की वेल्डिंगचं दुकान?

डोक्यात अवजाराची कल्पना आहे, खिशात चार-पाच हजार आहेत आणि राहायला सांगली-मिरजेकडं आहात. मग समोर तीन वाटा असतात: घरीच बाटल्या-पाइपांचा जुगाड, थ्रीडी प्रिंट, नाहीतर कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडात करून घेणं. यातली स्वस्त कुठली, हे नमुन्यातून आत्ता काय तपासायचंय त्यावर ठरतं.

एक उदाहरण धरू. ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत जीएचं, म्हणजे घडाच्या वाढीसाठीच्या जिबरेलिक अ‍ॅसिडचं, डिपिंग चालतं. मजूर बायका मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवतात. द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, हात वर धरून धरून भरून येतात. समजा तुम्हाला दांड्याचा मग करायचाय, ओघळलेलं परत आत घेणारा.

आधी बघायचं ते इतकंच, की घड आत मावतो का आणि हाताला त्रास होतो का. त्यासाठी प्रिंटर कशाला? शीतपेयाची दोन लिटरची बाटली कापा, अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा दांडा लावा, एमसील आणि केबल टायनं आवळा. शे-दोनशेत भागतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे अशी वस्तू पुन्हा कापायला हात कचरत नाही. साधं पाणी भरून रोज डिपिंग करणाऱ्या मावशींच्या हातात द्या. "वजन सगळं फुडं जातंय की ओ," असं त्यांनी पहिल्याच वेलीखाली सांगितलं, तर दांडा तिथंच आखूड करता येतो. हाच मग तुम्ही आधी स्टीलमध्ये केला असता, तर पुन्हा दुकान, पुन्हा मजुरी. जुगाडातून मजबुतीचा अंदाज मात्र येत नाही. तो मोडला म्हणून कल्पना वाईट ठरत नाही.

थ्रीडी प्रिंटचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. ते खरंच कामी येतं ते हातानं न जमणाऱ्या वळणदार भागाला, म्हणजे आपल्या मगाच्या आत वळलेल्या काठाला. टिंकरकॅड फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. काठ दोन मिलिमीटरनं वाढवायचा तर आकडा बदलून पुन्हा प्रिंट काढायची. पण अख्खा मग छापत बसू नका. प्रिंटचे पैसे बहुधा ग्रॅमवर लागतात, एवढ्या भांड्याला कित्येक तास जातात, आणि भिंत पातळ ठेवली तर थरांच्या फटीतून पाणी झिरपतं. नुसतं काठाचं कडं छापा, बाटलीवर बसवा.

प्लॅस्टिक कुठलं, हे दुकानदाराला आवर्जून विचारा. बहुतेक ठिकाणी पीएलए असतं, कारण ते छापायला सोपं. ते ५५-६० अंशांना मऊ पडतं; एप्रिलात काचा लावलेल्या गाडीत ठेवलं तर वाकडं झालंच म्हणून समजा. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं आणि भावातही फार फरक नसतो. दुसरं, छापलेली वस्तू थरांच्या जोडावर तुटते. दांड्याचा हूक उभा छापला तर ताण नेमका त्या जोडांवर येतो. आडवा छापून घ्या.

सपाट भागांना लेझर कटिंग बरं, एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये. पीव्हीसी मात्र लेझरखाली कधीच घालू नका, विषारी वायू निघतो.

आता लोखंड. या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथं नांगर आणि कडबाकुट्टी यंत्रं बनली. हळदीचे पॉलिश ड्रम, बेदाण्याची यंत्रं यांची कामं केलेले कारागीर आजही इथं भेटतात. तुमच्या यंत्रात काही फिरत असेल, भार पेलायचा असेल, तर प्रिंटरच्या नादी न लागता थेट त्यांच्याकडं जावं असं माझं मत आहे. जाताना कागदावरच्या ड्रॉइंगबरोबर पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा साचाही न्या. चूक दोघांनाही लगेच दिसते. पहिल्या नमुन्यात होईल तिथं वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट, आणि गोल भोकांऐवजी लांबट खाचा. पट्टी सरकवून माप बदलता येतं. लेथवर एकच नग करून घेणं महाग पडतं, कारण मशीन लावायला वेळ तेवढाच जातो. म्हणून शाफ्ट, बेअरिंग बाजारात तयार मिळतात त्या मापाचंच धरा. इंजेक्शन मोल्डिंगच्या डायचं (प्लॅस्टिकचे नग काढायच्या धातूच्या साच्याचं) नाव आत्ता काढू नका, तो लाखांचा खेळ आहे.

डिपिंगच्या मगासाठी मी पाच हजार असे वाटेन: हजारभर जुगाडाच्या दोन-तीन फेऱ्यांना, दीडेक हजार प्रिंटला, वेल्डिंगला शून्य. हळदीचं किंवा बेदाण्याचं यंत्र असेल तर प्रिंटला शून्य.

उरलेल्यातले १,६०० रुपये पेटंटच्या अर्जासाठी बाजूला काढा. व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर अर्ज दाखल करायचं शुल्क एवढं आहे. आधी तात्पुरता तपशील देऊन तारीख पकडता येते, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. त्यामुळं अर्जात घड बुडवण्याच्या रीतीवर भर न देता मगाच्या रचनेवर द्या. चाचणी घरच्या किंवा पाहुण्यांच्या बागेत, विश्वासातल्या माणसांपुढं करा. कृषी प्रदर्शनातला स्टॉल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ अर्जानंतर.