‘रँगो’ की ‘बॅक टू द फ्यूचर’चा तिसरा भाग? काउबॉयचा विनोदी सिनेमा मुलांना दाखवण्याआधी

काउबॉयचा सिनेमा म्हटला की बंदूक, दारूचा गुत्ता आणि फाशीचा दोर आलाच. सिनेमा विनोदी असला तरी यातलं एकही सुटत नाही. म्हणून ‘मारामारी आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, ती असतेच. मी दोन गोष्टी बघते. पडद्यावरचं मरण खरं वाटतं का? आणि विनोद कळायला जे ठाऊक असावं लागतं, ते मुलाला ठाऊक आहे का?

सुट्टीत भाचा (वय ८) आणि भाची (वय १३) आमच्याकडे होते. निवड शेवटी दोन सिनेमांवर आली: ‘रँगो’ (२०११) आणि ‘बॅक टू द फ्यूचर’चा तिसरा भाग (१९९०). अमेरिकेत दोघांनाही ‘पीजी’, म्हणजे पालकांनी बघून ठरवावं, असाच शिक्का आहे. तो बघून काही ठरत नाही.

‘रँगो’ कार्टून आहे, तेव्हा धाकट्याला तोच लावावा असं कुणालाही वाटेल, आणि तिथेच आपण फसतो. एक पाळीव सरडा पाण्यावाचून वाळलेल्या ‘डर्ट’ गावात येतो, एका गोळीत सात भाऊ लोळवल्याची थाप ठोकतो आणि शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, होऊन बसतो. इथवर धमाल आहे. पण गाडीखाली चिरडलेला आर्मडिलो (अंगावर कवच असलेला प्राणी) त्याच अवस्थेत गप्पा मारतो. बँकेचा मॅनेजर वाळवंटात मरून पडलेला सापडतो, आणि तोही पाण्यात बुडून! घुबडांचा बँड मधूनमधून येऊन ‘नायक मरणार’ असं गात राहतो. शेपटीच्या जागी मशीनगन असलेला साप तर मलाही सोसला नाही. शिवाय सिगारची धूम्रवलयं आहेतच. या सिनेमाला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते रास्तच आहे, पण ऑस्कर मोठी माणसं देतात.

तेरा वर्षांच्या मुलीला मात्र हाच द्यावा. पाणी अडवून गाव मुठीत ठेवणारा महापौर कासव आणि रिकाम्या नळापुढे जमलेलं गाव. टँकरच्या बातम्या बघत वाढलेल्या आपल्या मुलांना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसरा. शाळकरी मार्टी कालयंत्रात बसून १९५५ मधून १८८५ मध्ये उतरतो, तिथे अडकलेल्या त्याच्या शास्त्रज्ञ मित्राला, डॉकला, वाचवायला. कारण ८० डॉलरच्या भांडणात डॉकला पाठीत गोळी घातली गेली, असं त्याच्या थडग्यावर लिहिलेलं असतं. खलनायक टॅनन मार्टीला दोराने बांधून घोड्यामागे फरपटत नेतो आणि सरळ फासावर लटकवतो. डॉक गोळी झाडून दोर तोडतो, पण मधले काही क्षण खरोखर घाबरवणारे आहेत. धाकट्याच्या शेजारी तेव्हा बसाच. बाकी सगळं हलकंफुलकं: गोळी अडवायला छातीशी चुलीचं लोखंडी दार, एका घोटात आडवा होणारा डॉक, आणि शेवटी टॅननची रवानगी शेणखताच्या गाडीत. कुणी ‘भित्री भागूबाई’ म्हटलं की पेटणारा मार्टी अखेरीस पेटत नाही, हे शाळेत चिडवाचिडवी सोसणाऱ्या पोराला न सांगता पोचतं.

खोट दोन ठिकाणी आहे. मूळ अमेरिकन लोक इथे घोड्यांवरून दौडत येणारी टोळी म्हणून दिसतात, आणि तेवढेच. शिवाय आधीचे भाग (१९८५, १९८९) पाहिले नसतील तर अर्धी मजा जाते. पहिल्या भागात तरुणपणीची आई आपल्याच भावी मुलावर भाळते, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

‘ब्लेझिंग सॅडल्स’चं (१९७४) नाव मोठी माणसं हमखास सुचवतात. मेल ब्रुक्सचा हा सिनेमा मलाही आवडतो, पण मुलांसाठी नाही. अमेरिकेत तो ‘आर’ आहे, सतरा वर्षांखालच्यांना थिएटरात पालकांशिवाय प्रवेश नाही. गोऱ्यांच्या गावात काळा शेरीफ येतो आणि गावकरी त्याला वंशद्वेषी शिवी घालत राहतात. हसू त्या गावकऱ्यांचं व्हायचं असतं आणि लेखकांत रिचर्ड प्रायरसारखा कृष्णवर्णीय विनोदवीर होता. मोठ्यांना हे उमगतं. मूल मात्र शब्द उचलतं, टोमणा मागेच राहतो. परदेशात शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाने तो शब्द वर्गात उच्चारला, तर ‘सिनेमात होता’ हे कारण कुणी ऐकून घेणार नाही. आठ वर्षांच्या पोराच्या लक्षात यातलं फक्त शेकोटीभोवती शेंगांच्या बिया खाऊन पादणारे काउबॉय राहतील, आणि महिनाभर घरात तेच चालेल.

जॅकी चॅनचा ‘शांघाय नून’ (२०००, ‘पीजी-१३’, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी जास्त सावध राहावं) भाचीला चालला असता. हाणामारीत कसरतच जास्त आहे. फक्त टबात बसून दारूचा खेळ रंगतो तो प्रसंग कुंटणखान्यात घडतो, तेवढा रिमोट हाताशी हवा.

आम्ही भाचीला एका संध्याकाळी ‘रँगो’ लावून दिला आणि भाच्याला मार्टी दाखवला. त्यानंतर चार दिवस जेवायच्या वेळी एक ताट कमी पडायचं. ते शर्टाच्या आत सापडायचं.